पोराला परदेशी क्लबात पाठवायचंय? आधी पैसा कुठून कुठे जातो ते बघा

आप्पा, तुमचा निरोप दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी सांगतो, चुकलं असेल तर कान धरा. पोरगा सोळाचा, फुटबॉल खेळतो, डाव्या पायाचा, विंगवर म्हणजे मैदानाच्या कडेने, शालेय स्पर्धेत विभागापर्यंत गेला. जळगावला एका हॉटेलात एक गृहस्थ भेटले. त्यांनी स्पेनमधल्या एका क्लबचं लेटरहेडवरचं पत्र दाखवलं आणि आठ लाख मागितले. त्यात ट्रायल, राहणं-खाणं आणि 'एक वर्षाचा करार' असं सगळं आलं. यंदाच्या कांदेबागेच्या केळीचे पैसे त्यात घालावेत का, हा तुमचा पहिला प्रश्न. परदेशात खेळणाऱ्याचं आयुष्य नेमकं असतं कसं, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर एका शब्दात: नको. दुसऱ्याला वेळ लागेल.

तुम्ही रावेरकडचे, केळीचा व्यवहार मी तुम्हाला काय शिकवणार! व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव ठरतो, कापणी होते, गाडी भरते. पैसे उशिरा येतात, कटती लावून येतात, पण येतात तुमच्याकडेच. उद्या एखादा म्हणाला, आप्पा, तुमचा माल दिल्लीला नेतो, त्याबद्दल तुम्हीच मला आठ लाख द्या, तर त्याला तुम्ही बांधावर उभं राहू द्याल का? धंदेवाईक फुटबॉलचंही तसंच आहे. ज्या क्लबला खेळाडू हवा असतो तो पगार देतो, तिकीट काढतो, खोली देतो. एजंटाचं कमिशन करार झाल्यावर, त्या पैशातून सुटतं. बापाच्या खिशातून आगाऊ पैसा निघाला, की ती नोकरी उरत नाही, ती सहल होते. फार तर शिकवणी.

उलट पैसा मागेसुद्धा येतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. करार चालू असलेला खेळाडू एका क्लबने दुसऱ्याला विकला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे, असा फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा नियम आहे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येक हंगामाला अर्धा टक्का. मी भुसावळला पोरांना फुटबॉल शिकवतो. म्हणजे बारा ते पंधरा या वयात माझ्याकडे चार वर्षं रीतसर नोंद असलेला पोरगा पुढे एक कोटीला विकला गेला, तर एक लाख रुपये भुसावळच्या या धुळीच्या मैदानापर्यंत यायला हवेत. हे पैसे वाटायला फिफाने २०२२ मध्ये स्वतंत्र क्लिअरिंग हाऊस काढलं. (मी तुम्हाला सल्ला देतोय त्यात माझाही असा एक लाखाचा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकतो. चौदा वर्षांत अजून एक रुपया आलेला नाही.)

आता पोराचं वय. तो सोळाचा आहे, आणि तुमच्या त्या गृहस्थांचा सगळा डाव इथेच उघडा पडतो. १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करायला फिफाची बंदी आहे. अपवाद आहेत, पण मोजके. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर, सीमेला लागून राहणाऱ्यांसाठी, युरोपातल्या युरोपात १६ ते १८ वयासाठी, असे. रावेरचा पोरगा यात कुठेच बसत नाही. हा नियम नुसता कागदावर आहे असंही समजू नका. याच कारणावरून २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर दोन ट्रान्सफर विंडोंची (नवे खेळाडू घेण्याच्या ठरलेल्या मुदतींची) बंदी आली, २०१६ मध्ये माद्रिदच्या दोन्ही मोठ्या क्लबांना शिक्षा झाली. जिथे त्यांची सुटका झाली नाही, तिथे हॉटेलात भेटलेला माणूस तुमच्या पोराला कुठून वाट काढून देणार?

तो काढतो ती वाट अशी असते. पर्यटक व्हिसा, नव्वद दिवस. शेंगेन देशांत, म्हणजे स्पेनसारख्या एकाच व्हिसाच्या युरोपी देशांत, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं आणि त्या व्हिसावर कामाला परवानगी नसते. पोरगा जातो, एका खासगी अकादमीत सराव करतो, निळ्या आकाशाखाली हिरव्या गवतावर फोटो काढतो, गावात बॅनर लागतो. नव्वद दिवसांनी परत. हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. २०२३ मध्ये पोर्तुगालमध्ये पोलिसांनी एका खासगी फुटबॉल अकादमीतून परदेशांतून आणलेली अल्पवयीन पोरं बाहेर काढली. त्यांच्या घरच्यांनीही पैसे भरून, विश्वासाने पाठवलं होतं.

त्या गृहस्थांना एकच विचारा: फिफाचा एजंट परवाना आहे का? ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा आहे, त्याला परीक्षा द्यावी लागते, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या वेबसाइटवर नावानिशी बघता येते. अल्पवयीन मुलाशी बोलायचं तर त्यालाही वेगळे नियम आहेत: पालकांची लेखी संमती हवी, आणि पहिला व्यावसायिक करार करता येण्याच्या वयाला सहा महिन्यांहून जास्त वेळ असेल तर मुलाजवळ येताच येत नाही. विचारून बघा. चहा अर्धा सोडून उठतील.

आता दुसरा प्रश्न. मी स्वतः दीड हंगाम बाहेर खेळलो. रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून लागलो होतो, बिनपगारी रजा टाकून गेलो. उत्तर युरोपातला एक देश, दुसऱ्या श्रेणीतला क्लब, वीस-बावीस हजार वस्तीचं गाव. आपलं भुसावळ त्याच्यापुढे मुंबई. क्लबचं नाव घेत नाही, पुढे कळेल का ते.

पहिला धक्का थंडीचा बसेल असं सगळे सांगतात. मला बसला तो चेंडूचा. आपण मुरुमाच्या, खडकाळ मैदानावर वाढलेलो. इथे चेंडू उसळतो, पायाशी येईपर्यंत गुडघ्याएवढा उडतो, म्हणून आपला पहिला स्पर्श चेंडू दाबायचा असतो. तिथे पाणी मारलेलं कृत्रिम गवत. चेंडू उसळतच नाही, सापासारखा सरपटत येतो. पाय दाबायला जाईपर्यंत तो पुढे निघून गेलेला. पंधरा वर्षांची सवय मोडायला मला तीन महिने लागले आणि त्या तीन महिन्यांत प्रशिक्षकाचं माझ्याबद्दल मत बनून गेलं. आज मी बारा वर्षांच्या पोरांना सिमेंटच्या गुळगुळीत बास्केटबॉल कोर्टवर, पाणी शिंपडून पासिंग करायला लावतो ते यासाठी. लोक हसतात. हसू देत.

दुसरी गोष्ट आवाजाची. मैदानावर डोळ्यांइतकाच कान खेळतो. मागून कोणी आलं की सोबती ओरडतो, मोकळा असलास तर ओरडतो, वळ म्हणून ओरडतो. हे सगळं त्यांच्या भाषेत. बैठकीत सगळे माझ्याशी नीट इंग्रजीत बोलायचे, पण पळताना कुणाला इंग्रजी सुचतं? आपणही 'अरे मागं, मागं!' असंच ओरडतो ना. पहिल्या महिन्यात पाठीवर माणूस असताना मी किती वेळा वळलो आणि चेंडू गमावला, त्याचा हिशेब नाही. मग किट सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडून पंधरा शब्द हातावर लिहून घेतले. पोराला बाहेर पाठवायचं स्वप्न असेल तर व्याकरण नंतर, हे पंधरा शब्द आधी.

दिवस कसा जातो म्हणाल, तर बराचसा रिकामा. सकाळी दहाला सराव, त्याआधी वजन, त्यानंतर जिम, एकत्र जेवण, आणि दुपारी दोनला तुम्ही खोलीवर. हंगामाच्या आधीचे सहा-सात आठवडे दोन वेळचा सराव असतो, तेव्हा बरं वाटतं, कारण अंग दुखतं आणि झोप येते. एरवी हिवाळ्यात दुपारी तीन-साडेतीनला अंधार. घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, म्हणजे मी जेवून फोन करायला बसायचो तेव्हा घरी सगळे झोपलेले. आई जागी राहायची. "जेवला का रे?" हा एकच प्रश्न, आणि मी रोज हो म्हणायचो. कळण्याचं पीठ नेलं होतं ते दीड महिन्यात संपलं. एकदा भरताचं वांगं विजेच्या शेगडीवर भाजायला गेलो, धुराचा भोंगा वाजला आणि उणे आठ तापमानात अख्खी इमारत रस्त्यावर उभी राहिली. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, काय जाळत होतास? काय सांगणार!

आणि सगळ्यात वाईट दिवस रविवार. संघात पंचवीस जण असतात, सामन्याच्या यादीत अठरा-वीस, मैदानात अकरा. यादीत नाव नसलेले पाच-सात जण दुसऱ्या दिवशी वेगळा सराव करतात, दुखापतीतून उठलेल्यांबरोबर. पगार चालू असतो, कोणी वाईट बोलत नाही, पण तुम्ही आहात की नाही याने कोणाचं काही अडत नाही. गावात हरलो तर पोरं शिव्या तरी देतात. तिथे शांतता. मी दीड हंगामात किती सामने खेळलो ते लोक विचारतात. आकडा लहान आहे. सराव किती केला ते कोणी विचारत नाही.

हे फक्त माझ्यासारख्या साध्या खेळाडूचं रडगाणं वाटेल, म्हणून मोठी नावं घेतो. कोलकात्याचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिककडून अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून दोन सामने खेळला, लोकांनी डोक्यावर घेतलं, आणि घरची आठवण आली म्हणून परत आला. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबात गेला. तिसऱ्या श्रेणीतला क्लब, लीगचे ३७ सामने, ३ गोल, गुडघ्याची दुखापत, आणि २००२ मध्ये क्लबच आर्थिक गाळात. तो क्लब २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. सुनील छेत्रीचं बघा. २००९ मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणं झालं, पण भारत फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. खेळाडूत खोट नव्हती, देशाचा नंबर आडवा आला. २०१० मध्ये तो अमेरिकेत कॅन्सस सिटीला गेला, २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात. भारतासाठी सर्वाधिक गोल करणारा हा माणूस, आणि दोन्हीकडे मिळालेले अधिकृत सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील.

गुरप्रीत सिंग संधूचं उदाहरण मी पोरांना सगळ्यात जास्त सांगतो. २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेकला गेला. गोलरक्षक, म्हणजे जागा एकच. दोन वर्षं बाकावर आणि सरावात काढली, २०१६ मध्ये मुख्य संघात आला, त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा पहिला भारतीय ठरला, आणि त्याच सामन्यात जखमी होऊन बाहेर गेला. २०१७ मध्ये भारतात परतला. संदेश झिंगन २०२१ मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिकला गेला आणि दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परतला. यातला एकही पैसे भरून गेलेला नाही. आणि सगळे आधी इथे, मोठ्या स्पर्धांत गाजून मग गेले.

पोरींचं चित्र अलीकडे पोरांपेक्षा बरं आहे. तुमच्या घरात पुतणी-भाची खेळत असेल तर हे तिलाही सांगा. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, परदेशात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय महिला. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. आणि ज्योती चौहान, ती तर आपल्या शिरपूर-सेंधव्याच्या पलीकडची, धार जिल्ह्यातली. २०२२ मध्ये क्रोएशियात दिनामो झाग्रेबला खेळली. आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखीच मैदानं, फुटबॉलचं नाव नसलेला मुलूख.

पैशाचं मघाशी अर्धं सोडलं होतं. माझ्या दुसऱ्या हंगामात क्लबने पगार थांबवला. पहिल्या महिन्यात 'बँकेचा घोळ', दुसऱ्यात 'प्रायोजक बदलतोय', तिसऱ्यात कोणी फोनच उचलेना. करारात क्लबच्या खोलीचं भाडं होतं, ते मात्र वेळेवर कापायचे! सोबतच्या स्थानिक पोरांना काही वाटलं नाही, एक शाळेत शिकवायचा, एक वायरमन होता. माझ्याकडे तेवढं एकच काम. तिकीट उसने पैसे घेऊन काढलं. आज निदान नियम आहे: दोन महिन्यांचे पगार थकले तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन खेळाडू करार मोडू शकतो आणि फिफाकडे दाद मागू शकतो. २०१८ मध्ये आला तो. मला दहा वर्षं उशीर झाला.

म्हणून पुढे कधी खरा करार हातात आला, तर भाषांतर करून घेऊन या गोष्टी बघायच्या. पगार कर कापून की कापण्याआधी. दुखापत झाली तर उपचार कोणाचे आणि पगार किती महिने, कारण गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) गेला की नऊ महिने धरून चाला. 'पुढचं एक वर्ष वाढवण्याचा हक्क' फक्त क्लबला दिलाय का. वाद झाला तर निवाडा कुठे होणार. क्लब खालच्या श्रेणीत घसरला तर पगार कापणार का. अठराखालच्याशी तीन वर्षांपेक्षा लांब करार करता येत नाही, मोठ्याशी पाच वर्षांपेक्षा. सहीच्या दिवशी एक प्रत तुमच्या हातात. आणि जाण्याआधी जळगावच्या एखाद्या सीएला विचारायचं, वर्षात किती दिवस देशाबाहेर राहिल्यावर कर कुठे भरायचा ते. मी विचारलं नव्हतं.

मग पोराने आत्ता करायचं काय? दोन वर्षं त्याच्या हातात आहेत, तीच महत्त्वाची. शालेय स्पर्धेतल्या प्रमाणपत्राला परदेशात कोणी विचारत नाही. खेळाडूची नोंद भारतीय फुटबॉल संघटनेच्या ऑनलाइन यंत्रणेत, संलग्न क्लबकडून असावी लागते. त्या नोंदींवरून त्याचा फुटबॉलमधला 'पासपोर्ट' बनतो. पुढे बदलीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही संघटनेकडूनच संघटनेला जातं, बापाच्या पिशवीतून जात नाही. जमशेदपूरची टाटा अकादमी, नवी मुंबईची रिलायन्स फाउंडेशनची अकादमी, यांची निवड शिष्यवृत्तीवर होते, तिथेही पैसे भरायचे नसतात. तिथे किंवा इंडियन सुपर लीग (आयएसएल) नाहीतर तिच्या खालच्या लीगमधल्या एखाद्या क्लबच्या युवा संघात तो आला, तर बाहेरचे लोक बघतात. देशातलं सगळं सुरळीत आहे असंही मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये आयएसएलच लांबणीवर पडली आणि काही क्लबांनी पगार थांबवले. म्हणून बारावी सोडायची नाही. आणि रेल्वेच्या भरतीवर लक्ष ठेवायचं. माझं घर त्यावरच चाललं, त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

एक नाजूक गोष्ट. तुम्ही पाठवलेल्या कागदात पोराची जन्मतारीख १ जून आहे. आप्पा, माझ्याकडच्या निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनला येतो. गुरुजींनी शाळेत घालताना टाकलेली तारीख असेल, तर ती आत्ता निस्तरा. सतरा वर्षांखालच्या स्पर्धांत फिफा मनगटाचा एमआरआय काढून हाडांचं वय बघते, आपल्याकडेही हाडांची तपासणी होते. तिथे अडकलेल्या पोराचं नाव पुढे कोणी घेत नाही, मग तो कितीही चांगला असो.

त्या गृहस्थांना आगाऊ काही दिलं असेल तर पावती, फोनमधले निरोप, पत्राचा फोटो, सगळं जपून ठेवा. स्पेनच्या त्या क्लबच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर ते पत्र पाठवून 'हे तुमचंच का' एवढं विचारा. पत्रावर छापलेल्या पत्त्यावर नको.

आणि येत्या रविवारी सकाळच्या गाडीने पोराला घेऊन भुसावळला या. साडेसातला रेल्वेच्या मैदानावर आम्ही असतो, नऊनंतर ऊन सोसवत नाही. दीड तास खेळवून बघतो, मग तुमच्याशी खरं बोलतो. येताना ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला आणा, शाळेचा नको.